मावशींचं नाव रेशनकार्डावरच नाही, आयुष्मान कार्ड काढायचं कसं?

तळजाईची_वाट | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्याकडे बारा वर्षं पोळ्यांना येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. यजमान रंगकाम करतात. दिवाळीनंतर एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं आणि जो दवाखाना आधी दिसला तिथे नेलं. दोन स्टेंट बसले. बिल एक लाख ऐंशी हजार. मावशींनी होतं नव्हतं ते सोनं गहाण टाकलं आणि उरलेले शेकडा पाचने उचलले. शेकडा पाच म्हणजे वर्षाला नव्हे, महिन्याला. मला हे कळलं फेब्रुवारीत. तेही त्यांनी आणखी एक घर धरलं आणि आमच्याकडची वेळ बदलून मागितली, म्हणून.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. व्याज मला कळतं. पण अँजिओप्लास्टी सरकारी योजनेत बसते आणि मावशींच्या घरी केशरी रेशनकार्ड आहे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. आल्या असत्या तर त्या रात्री रिक्षा दुसरीकडे वळली असती.

म्हणून एक शंभरपानी वही केली. बिल्डिंगमध्ये कामाला येणारी अकरा कुटुंबं: पोळ्या, धुणंभांडी, जिने झाडणारे दोघं, गाड्या पुसणारा मुलगा, वॉचमन. प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड, म्हणजे मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, काढायचं. वाटलं दोन रविवारांचं काम आहे. आज सहावा रविवार. कुटुंबं पूर्ण झाली चार.

उरलेली कुठे अडली ते लिहिते, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

मावशींचं नाव सासरच्या रेशनकार्डावर नाहीच. लग्नाला बावीस वर्षं झाली, नाव अजून माहेरी, लातूर जिल्ह्यात. मुलांची नावं इकडे आहेत, आई तेवढी नाही! जिने झाडणाऱ्या ताईंचं आधारवर आडनाव डब्ल्यूने सुरू होतं, रेशनवर व्हीने. धुणंभांडीवाल्या दोघींच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलाय, त्यामुळे ओटीपी येत नाही. तर म्हटलं अंगठा देऊ. एकीचा अंगठा मशीन घेईना. पाच वेळा पुसला, तेल लावलं, परत पुसला. केंद्रातला मुलगा सहज म्हणाला, "भांडी घासणाऱ्यांचं असंच होतं, रेघाच उरत नाहीत."

वॉचमन बिहारचे आहेत. त्यांचं इथे काही होतं का, तेही माहीत नाही.

आणि एकीने तर कागदच दिले नाहीत. म्हणाली, "माझा विमा आहे की, बँकेत वीस रुपये कापतात." पासबुक बघितलं. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, म्हणजे अपघाताची. हार्टला त्याचा काय उपयोग?

नळस्टॉप | रविवार, दुपारी १२:०५

चांगला धागा. अंगठ्यावर उपाय आहे. आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, तिथे ना ओटीपी लागतो ना अंगठा. उजेडात उभं करा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. आमच्या आईचं असंच झालं.

आणि कार्ड माणशी असतं, कुटुंबाला एक नाही. पाच लाखांची मर्यादा मात्र अख्ख्या कुटुंबात मिळून, वर्षाला. एकाचं निघालं म्हणून बाकीच्यांचं सोडू नका.

कट्ट्यावरचा | रविवार, दुपारी १२:४०

ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार, पण एक कडू बोलतो. त्या कार्डाचा उपयोग भिंतीला लावायला. माझ्या ड्रायव्हरकडे होतं. दोन ठिकाणी "योजनेचे बेड भरलेत" असं ऐकून तिसऱ्या ठिकाणी त्याने रोख भरले. सरकारचे दर परवडत नाहीत म्हणून मोठी रुग्णालयं यादीत येत नाहीत, आणि यादीतली टाळतात. त्यापेक्षा सोसायटीने मिळून त्यांना खासगी पॉलिसी घेऊन द्यावी. आता जीएसटीही गेलाय.

तळजाईची_वाट | रविवार, दुपारी १:१५

@नळस्टॉप, चेहऱ्याचं माहीतच नव्हतं! आज संध्याकाळीच करून बघते.

@कट्ट्यावरचा, पॉलिसीचा विचार मीही केला. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला हे खरं. पण चार जणांच्या कुटुंबाचा हप्ता दरवर्षी कोण भरणार? पहिल्या वर्षी सगळे हौसेने भरतील, तिसऱ्या वर्षी सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीआधी हाच विषय खोडला जाईल. शिवाय मावशींच्या यजमानांना आधीचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी योजनेत ती अट नाही.

गहू_तांदूळ | रविवार, दुपारी ३:३०

पुरवठा खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. रेशनकार्डाचं थोडं सोडवून सांगतो, कारण निम्मे घोळ तिथेच असतात.

लोक "केशरी कार्ड" म्हणतात, पण केशरीत दोन जाती. एक अन्नसुरक्षा कायद्यातलं प्राधान्य कुटुंब, ज्यांना धान्य मिळतं. दुसरं नुसतंच केशरी, शिक्का नाही, धान्य नाही. प्राधान्यासाठी शहरात वर्षाला ५९ हजारांची उत्पन्नमर्यादा धरली गेली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. पुण्यात तेवढ्यात कोण राहतं ते तुम्हीच सांगा. त्यामुळे खरोखर गरजू असूनही शिक्का नसलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. आयुष्मानच्या यादीत तुमच्या मावशींचं कुटुंब दिसतंय की नाही, हे आधी रेशनकार्डाच्या बारा अंकी नंबरावरून बघा. हा नंबर जुन्या पुस्तकावर छापलेला नसतो. दुकानदाराच्या मशीनवर दिसतो, तो लिहून घ्या.

मावशींचं नाव चढवायचं तर आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला. तो लातूरकडच्या तहसील कार्यालयातून. मग लग्नाचा पुरावा आणि आधार जोडून इथल्या परिमंडळ कार्यालयात, म्हणजे शहरातल्या रेशन कार्यालयात, अर्ज. आता ऑनलाइनही होतं. घोडं अडतं ते पहिल्या दाखल्यावर, कारण माहेरच्या माणसांना वाटतं नाव कमी केलं तर धान्य कमी होईल. आणि होतंच कमी, माणशी पाच किलो. भाऊ गप्प बसतो. बहिणीला वाटतं सरकारी काम आहे, वेळ लागतोय.

तळजाईची_वाट | रविवार, दुपारी ३:५०

काका, अगदी हेच! भाऊ म्हणतो "साहेब रजेवर आहेत". दोन महिने.

गहू_तांदूळ | रविवार, दुपारी ३:५८

साहेब रजेवर नाहीत. भावाशी मावशींनी बोलू नये, तुम्हीही बोलू नका. तिच्या वहिनीशी बोला.

वॉर्ड_क्र_७ | रविवार, रात्री ९:१०

मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. नाव-गाव सांगत नाही. रोज हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात दोन योजना एकत्र चालतात. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, २०१८ ची, जिच्या कार्डाला सगळे "आयुष्मान कार्ड" म्हणतात. आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी पूर्वी राजीव गांधी जीवनदायी होती. राज्याच्या योजनेत पूर्वी पिवळं-केशरी बघायचे आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू केली, पाच लाखांपर्यंत, आणि १ जुलै २०२४ पासून ती तशी सुरू झाली. म्हणजे शिक्का नसलेलं केशरी चालतं आणि पांढरंही चालतं. रेशनकार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला.

म्हणून तळजाईताई, मावशींचं नाव चढेपर्यंत त्या उघड्यावर आहेत असं समजू नका. पण नाव चढवाच. दारात माणूस कण्हत असताना टेबलावर "यांचं नाव कार्डावर कुठे आहे?" हा प्रश्न येतो, तेव्हा कुणी शासन निर्णय वाचत बसत नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. आत शिरल्याबरोबर आधी तो टेबल शोधायचा, कॅश काउंटर नंतर. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी डिपॉझिट भरतात, ॲडमिट होतात आणि तिसऱ्या दिवशी पैसे संपले की कार्ड काढतात. उपचारांची आधी मंजुरी घ्यावी लागते. मागाहून योजनेत बसवणं फार अवघड, आणि भरलेले पैसे हातात परत मिळायची वाट नाही. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर.

तिसरी, बिहारचे वॉचमन. त्यांच्या गावच्या यादीत नाव असेल तर तिथलं आयुष्मान कार्ड इथल्या केंद्राच्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. गावी जायची गरज नाही. ॲपमध्ये राज्य बिहार निवडा आणि शोधा.

@कट्ट्यावरचा, तुमचं अर्धं बरोबर आहे. टाळाटाळ होते, मी आतून बघते. "बेड भरलेत" हे तोंडी ऐकून परत फिरू नका. तिथूनच १५५३८८ ला फोन लावा, केंद्राचा नंबर १४५५५. फोन कानाला लागलेला दिसला की कधीकधी बेड रिकामा होतो. याहून जास्त लिहीत नाही, नोकरी आहे.

कट्ट्यावरचा | रविवार, रात्री ९:३५

"फोन कानाला लागलेला दिसला की बेड रिकामा होतो." ताई, हे माझ्या ड्रायव्हरला आजच सांगतो. पण पाच लाखांच्या योजनेत माणसाला फोनचं नाटक करावं लागतं, यातच सगळं आलं की नाही?

वॉर्ड_क्र_७ | रविवार, रात्री ९:४२

आलं. पण रुग्ण तोवर थांबत नाही.

अर्धा_कप | रविवार, रात्री १०:२०

थांबा थांबा. पांढरं रेशनकार्डही चालतं? म्हणजे आम्ही सगळेच? इतकी वर्षं "आपल्याला कसली योजना" म्हणून पुढचं वाचलंच नाही.

सी_विंग_सचिव | सोमवार, सकाळी ८:१५

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे (तळजाईताईंच्या नाही, वेगळ्या). कार्डांचं चाललंय ते चालू दे, पण सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाल्यांना कायद्यानेच दुसरं काहीतरी मिळायला हवं, ते म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा. त्याकडे कुणी बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागतं. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. सोळा हजार पगारावर गार्डचे १२० आणि एजन्सीचे ५२०. आमच्या महिन्याच्या बिलात ही ओळ कित्येक वर्षं होती आणि आम्ही निमूट भरत होतो. गेल्या वर्षी एका गार्डला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरल्या, तेव्हा मी सहज त्याचा ईएसआयचा विमा क्रमांक विचारला, "तुझा आयपी नंबर काय?" त्याला वाटलं मी कॉम्प्युटरचं विचारतोय.

एजन्सीकडे चलन, म्हणजे ईएसआयचे पैसे भरल्याची पावती, मागितलं. आठवडा गेला, मग आलं. त्यात नावनिशी यादी असते. आमच्या नऊ गार्डपैकी पाचच. बाकी चौघांचे पैसे आम्ही भरत होतो, ते कुठे जात होते देव जाणे. एजन्सीचं नाव लिहीत नाही. बदलली.

एक कायदेशीर बाब: ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. ही भीती सभेत सांगितली आणि ठराव पाच मिनिटांत झाला. माणुसकीचं भाषण केलं असतं तर पाऊण तास लागला असता आणि नाश्ता गार झाला असता. आता नियम असा की बिलासोबत त्या महिन्याचं चलन आणि यादी नसेल तर चेक निघत नाही.

ईएसआयमध्ये बाहेरची औषधं, तपासण्या, साधा तापसुद्धा येतो. बिबवेवाडीला रुग्णालय आहे. आजारपणात कामावर येता आलं नाही तर पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, अर्थात वर्गणीचे दिवस पुरे भरलेले असतील तर. हे आयुष्मानमध्ये नाही. तिथे भरती व्हावं लागतं.

नळस्टॉप | सोमवार, सकाळी ८:४०

बिलासोबत चलन. हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतोय, हरकत नसेल तर.

सी_विंग_सचिव | सोमवार, सकाळी ८:४४

टाका. नाश्त्याचं गाळून टाका.

जनता_वसाहत | सोमवार, रात्री ११:५०

सगळे प्रतिसाद वाचले. लिहू की नको असं दोन वेळा झालं.

माझ्या आईने सहकारनगर आणि अरण्येश्वरमध्ये पंचवीस वर्षं धुणंभांडी केली. मी आता एका कंपनीत आहे, आईला काम सोडायला लावलं. तळजाईताई, तुम्ही करताय ते चांगलंच आहे, पण तुमची वही मला दुसऱ्या बाजूने दिसते, म्हणून लिहितो.

तुम्ही लिहिलंय, सहा रविवार झाले. रविवारी तहसील कचेरी बंद असते. परिमंडळ कार्यालय बंद असतं. म्हणजे तुमचा रविवार गेला आणि बाईचा सोमवार. एका दाखल्याला आई तीनदा गेली होती. एकदा सर्व्हर डाउन, एकदा फोटो लहान, एकदा जेवणाची सुट्टी. तीन खाडे. दोन घरांनी पैसे कापले, एका घराने दुसरी बाई बघितली. त्या वेळी कार्ड निघालं नाही आणि एक घर गेलं. मग पुढच्या वर्षी कुणी शिबिर घेतलं तेव्हा आई म्हणाली, "मला काही होत नाही." हे अडाणीपण नव्हतं. तिने हिशोब केला होता.

तुमच्या वहीत एक रकाना वाढवा. या कामासाठी झालेले खाडे, आणि ते पगारी की बिनपगारी.

कागद न देणाऱ्या बाईबद्दलही लिहितो. वस्तीत आधार मागायला माणसं येतात ती निवडणुकीला, कर्जाला किंवा कुणाला फसवायला. त्यात सध्या सगळ्यांना धास्ती आहे की कुठेही केवायसी केलं की लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील. दोन्हीचा संबंध नाही, पण पंधराशे दर महिन्याला दिसतात आणि पाच लाख कुणी पाहिलेले नाहीत. वस्तीतल्या एकीचं ऑपरेशन कार्डावर झालेलं असेल तर तिला सोबत घ्या. ती दहा मिनिटांत सांगेल ते तुम्हाला दहा रविवारांत सांगता येणार नाही.

आणि कार्ड फुकट असतं हे पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या गल्लीत एक जण माणशी तीनशे घेतो.

तळजाईची_वाट | मंगळवार, सकाळी ६:५०

@जनता_वसाहत, रात्री वाचलं, झोप लागली नाही नीट. खरं सांगते, खाड्यांचा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडचे पैसे मी कापले नाहीत, पण मावशी चार घरं करतात. बाकीच्या तीन घरी त्यांनी काय सांगितलं, मी विचारलंही नाही.

आज विचारलं. दोन घरांनी कापले. त्यातलं एक घर आमच्याच मजल्यावरचं.

शनिवारातली | मंगळवार, सकाळी ९:३०

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला होता, तेव्हा मी कॉलेजात होते. एक बाई आजारी पडली, काही दिवस कामावर गेली नाही, तिला काढून टाकलं. त्यावरून शेजारपाजारच्या बायकांनी काम बंद केलं आणि ते लोण पसरत गेलं. आमच्या घरी आईने पंधरवडाभर भांडी घासली आणि रोज संध्याकाळी संपाला शिव्या दिल्या. तिचंही चुकत नव्हतं म्हणा, घरात आठ माणसं होती. पण संपाची ठिणगी आजारपणाचे खाडे होती, हे मला आज जनता_वसाहत यांचा प्रतिसाद वाचून पुन्हा आठवलं.

आणि हेही पुण्यातलंच. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ ला उभी राहिली, त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली, आणि २००३ मध्ये पालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला. हप्ता पालिकेचा. देशात असं करणारी ही पहिली महापालिका म्हणतात. मुद्दा हा की तिथे कार्ड काढायला प्रत्येक बाई वेगवेगळी गेली नाही, संघटना गेली.

अर्धा_कप | मंगळवार, सकाळी १०:०५

महापालिकेची शहरी गरीब योजना म्हणून काहीतरी असते ना? ती हीच का?

वॉर्ड_क्र_७ | मंगळवार, दुपारी २:२०

नाही, ती वेगळी. पुणे मनपा हद्दीत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. पिंपरी-चिंचवडकरांना नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा लागतो आणि कार्ड दर वर्षी नवं करावं लागतं. लोक गेल्या वर्षीचं कार्ड घेऊन येतात आणि मला "नाही" म्हणावं लागतं. आयुष्मानमध्ये बसत नसलेल्या आजारात हिचा उपयोग होतो, म्हणून काढून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला वहीतल्या सगळ्यांचा काढाच. त्याचं कारण आणखी एक. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. निर्धनची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलची ३ लाख ६० हजार. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा मी पहिला कागद तोच मागते, आणि दहातल्या सात जणांकडे तो नसतो. मग नातेवाईक तहसीलला पळतो, इकडे बिल वाढत राहतं.

आयुष्मानबद्दल एक कडू बाब राहिली. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडी, साधा ताप यात येत नाही. उपचारांची ठरलेली यादी आहे, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. मावशींच्या यजमानांच्या स्टेंटनंतरच्या गोळ्या बंद होऊ देऊ नका. मनपाच्या दवाखान्यात चौकशी करा. पैसे नाहीत म्हणून गोळ्या सोडलेले लोक आमच्याकडे परत येतात. परत आलेले बघायला फार वाईट वाटतं.

तळजाईची_वाट | मंगळवार, दुपारी ४:००

@वॉर्ड_क्र_७, आत्ता विचारलं. महिन्याच्या गोळ्या ते पंधरा दिवसांच्या घेतात आणि एक दिवसाआड खातात. आजच काहीतरी बघते.

कट्ट्यावरचा | मंगळवार, रात्री ८:३०

मी टीका करणारा, तरी कबूल करतो. ड्रायव्हरला घेऊन बसलो. त्याचं कार्ड होतं, बायकोचं आणि मुलीचं काढलेलंच नव्हतं! ॲपवर नावं दिसत होती, नुसती केवायसी राहिली होती. वीस मिनिटं लागली. घराजवळची यादीतली तीन रुग्णालयं शोधून कागदावर लिहून दिली, कार्डाच्या मागे चिकटवली. हृदयाचं कुठे, बाळंतपणाचं कुठे, अपघाताचं कुठे. यादीत रुग्णालय असलं तरी सगळे विभाग योजनेत असतात असं नाही, हे फोन केल्यावर कळलं.

खासगी पॉलिसीचा हट्ट सोडलेला नाही. नोंद असावी.

जनता_वसाहत | मंगळवार, रात्री ९:१५

तो मागे चिकटवलेला कागद चांगला आहे. रात्री दोन वाजता कुणी ॲप उघडत नाही, रिक्षावाल्याला पत्ता सांगतात.

तळजाईची_वाट | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

वहीचा हिशोब देते.

चेहऱ्याने ओळख पटवून धुणंभांडीवाल्या दोघींची कार्डं झाली. अंगठा न उमटणाऱ्या ताईंनी गॅलरीत उन्हात उभं राहून फोटो दिला आणि पदर नीट करून परत एकदा काढायला लावला. डब्ल्यू आणि व्हीचं अजून अडलंय. आधार केंद्रात दुरुस्तीचा अर्ज दिलाय. वॉचमनचं नाव बिहारच्या यादीत सापडलं, बायकोमुलांसकट. आडनावाच्या जागी "कुमार" असल्यामुळे पहिल्यांदा दिसलं नव्हतं. आमच्या एजन्सीकडे चलन मागितलंय. उत्तर नाही. चेक माझ्या सहीने जातो, बघू.

वीस रुपयेवाल्या बाईंकडे मी गेले नाही. जनता_वसाहत यांनी सांगितलं तसं केलं. मावशींच्या गल्लीत एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन कार्डावर झालंय, ती गेली. तिने काय सांगितलं मला माहीत नाही, पण बुधवारी कागद आपणहून आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून.

खाड्यांसाठी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं: कागदपत्रांच्या कामासाठी वर्षातून चार दिवस पगारी. सात घरांनी अंगठा दाखवला. आमच्या मजल्यावरच्या त्या घराने वाचून सोडून दिलं. दोन निळ्या खुणा दिसतात.

मावशींच्या वहिनीला फोन केला. काकांचा सल्ला सोन्याचा. वहिनी म्हणाली, "अहो, माझंच नाव या कार्डावर नाही, माझंही माहेरीच आहे." आता दोघींचे अर्ज एकदम चाललेत. लातूरकडचा दाखला आला की इथे लगेच टाकणार.

तोवर मावशींच्या सासूबाईंचं मात्र झालं. वय बहात्तर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना केंद्राचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न बघत नाहीत, रेशनकार्ड लागत नाही, नुसतं आधार. पाच लाख त्यांचे स्वतंत्र. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. (वहीतल्या अकरा कुटुंबांत नऊ जणांचा जन्म १ जानेवारीचा!) पंधरा मिनिटांत कार्ड आलं. आजींनी ते दोनदा उलटंसुलटं करून बघितलं आणि मला विचारलं, "बाई, तुमच्या साहेबांचं वय काय?"

आमचे हे चौऱ्याहत्तर. कार्ड नाही. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईच्या घरात.

हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. म्हणाले, आपल्याकडे मेडिक्लेम आहे, आपल्याला कशाला? मी सांगितलं, खासगी पॉलिसी असली तरी हे काढता येतं. तर म्हणाले, उद्या बघू. मावशींनी पोळपाट बाजूला ठेवला, पिठाचे हात पुसले, माझा फोन घेतला आणि त्यांच्यासमोर धरून म्हणाल्या, "काका, चष्मा काढा. आता डोळे मिटा. उघडा."

गहू_तांदूळ | रविवार, संध्याकाळी ७:०५

वहिनीचा बारा अंकी नंबर घेतला का?

तळजाईची_वाट | रविवार, संध्याकाळी ७:०९

घेतला. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय. पानं संपली, दुसरी वही आणते.